प्रस्थान ठेवलेली कानटोपी

ज्यांच्यासाठी हिमालय ताटकळत राहिला, अशा थोर प्रवाशांत माझी गणना झाली पाहिजे. मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची कानटोपी आहे आणि उदगीरची एक गल्ली ओलांडण्यापलीकडे मी प्रवास केलेला नाही.

मला गौरम्माने विणले, तेही ऐन चैत्रात. तिचे यजमान संगप्पा मोंढ्यात डाळीचा व्यापार करीत. त्यांनी देहरादूनला जायचे ठरवले होते. समोरच्या तुळजाबाईने विचारले, "तिथं काय हाय, आप्पा?"

"डोंगर हायत. लोक मुद्दाम जाऊन चढतात."

"वर काय मिळतं?"

"काही न्हाई. उतरतात."

तुळजाबाईला संगप्पांची काळजी वाटू लागली, ती तेव्हापासून.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता. त्या साली ओले म्हणावे असे तेवढेच होते.

मठातल्या स्वामींनी काढलेला मुहूर्त आधीचा निघाला आणि गाडी मिळाली नंतरची. अशा वेळी आमच्याकडे सामानातली एखादी वस्तू मुहूर्तावर शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात. याला प्रस्थान म्हणतात. वस्तू निघाली की माणूस निघाला असे धरायचे, आणि ती वस्तू माघारी आणायची नाही. संगप्पांनी वाजतगाजत गल्ली ओलांडली आणि मला तुळजाबाईच्या खुंटीवर टांगले.

गाडीच्या आदल्या दिवशी नळ आटले. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. घराला कुलूप लावले तर घागरींचा नंबर कोण धरणार? "पाऊस पडला की जाऊ," संगप्पा म्हणाले. पाऊस पडला नाही. बेत मोडला, पण सुरू झालेल्या प्रवासाला ते कुणी कळवलेच नाही.

आधी मला थंडी वाजू लागली. टोपीलाच थंडी वाजावी ही नामुष्की, म्हणून मी गप्प राहिले. मग भर दुपारी माझ्या लोकरीवर बर्फ धरू लागला. इकडे कधी न उगवलेल्या झाडांचा वास मला येऊ लागला. वितळलेले पाणी खाली ठिबके. तुळजाबाईने ते पाहिले, देवाला हात जोडले आणि खुंटीखाली घागर ठेवली.

तिकडे संगप्पा घरात बसलेले दिसत, पण त्या उन्हाळ्यात त्यांच्या तोंडातून वाफ निघे. सपाट ओसरीवर बसल्या बसल्या धाप लागे. "अवो, जेवायला या," असे गौरम्माने म्हटले की "आलो" हे उत्तर दरीपलीकडून आल्यासारखे, ताटे घासून झाल्यावर येई. रोज ते आणखी उशिरा येऊ लागले. एके दिवशी आलेच नाही.

गौरम्मा तशीच तुळजाबाईच्या दारात आली.

"माझी टोपी दे."

"परस्थान माघारी नेत न्हाईत, गौरक्का. वंगाळ असतं."

"माणूस माझा चालून राहिला पुढं पुढं. आता वंगाळ व्हायचं काय राहिलं?" तेवढ्यात तिला भरलेली घागर दिसली. "हे पानी कुठलं गं?"

तुळजाबाईने तोंडाला पदर लावला. "ठिबकून राहिलंय… म्या म्हनलं, आप्पा येतीलच की उतरून."

 गौरम्माने मला ओलीच उचलले, घरी नेले आणि संगप्पांच्या कानांपर्यंत ओढले. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बराच वेळ काही झाले नाही. मग त्यांना दरदरून घाम फुटला.

"आलो," ते म्हणाले.

हे उत्तर आजचे की कालचे, असे गौरम्माने विचारले नाही. तिने ताट वाढले. जेवता जेवता संगप्पा हळूच म्हणाले, "दार लोटू नको. माझ्यामागं बी कोन तरी उतरून राहिलंय."

गौरम्माने उठून कडी घातली.

मित्रांनो, ती दोघे आता नाहीत. मी पेटीत असते. या घरातली नातवंडे हल्ली देहरादूनचा बेत करताना ऐकू येतात. त्यांनी खुशाल जावे. नसेल जायचे तर तसे स्पष्ट सांगून बेत नीट मोडावा, कारण निघालेल्या गोष्टी वाट पाहत बसत नाहीत. वस्तू जपा वगैरे उपदेश मी करणार नाही. फक्त कुणीतरी मला एकदा पिळून उन्हात वाळत घाला. मी अजून ओलीच आहे.