दोनशे बारा की दोनशे एकवीस?

मित्रांनो, मला हातात घेणारा प्रत्येक जण आधी मला कानाशी नेतो आणि म्हणतो, "बंद पडलंय वाटतं!" पण मी घड्याळ नाही. तबकडी आहे, काटा आहे, पितळी अंग आहे, हे सगळे खरे. पण माझ्या पायाशी एक दातेरी चाक आहे, अर्ध्या वाटाण्याएवढे. नकाशावरच्या रस्त्यावरून ते फिरवले की काटा अंतर सांगतो. मी एक जुने मोजचाक आहे. वयाने पन्नाशी ओलांडलेले आणि स्वभावाने संशयी.

हा स्वभाव मला जन्मापासूनच मिळाला. ज्या कारखान्यात मी घडले, तिथे शेवटच्या टेबलाशी एक म्हातारे तपासनीस बसत. काचेच्या पट्टीवर एक मीटरची रेघ होती. तिच्यावरून ते प्रत्येक चाक तीनदा फिरवत आणि पुटपुटत, "एकदा बरोबर आलं तर नशीब. दोनदा आलं तर योगायोग. तिसऱ्यांदा आलं तर मानू." माझ्या आधीची दोन चाके त्यांनी मोडीत काढली. मी तिन्ही वेळा बरोबर निघाले. मला डबीत ठेवताना मात्र ते म्हणाले, "तरी बघू."

तिथून मी नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत आले आणि दादांच्या हाती पडले. ते तेव्हा तरुण होते, तरी सगळी कचेरी त्यांना दादाच म्हणे. त्यांची बोटे अशी स्थिर की नदीच्या वेड्यावाकड्या वळणांवरूनही माझे चाक तसूभर घसरत नसे. एकदा रस्त्याच्या एका कंत्राटदाराने कळवलेल्या अंतरात आम्ही अकरा किलोमीटरांची थाप पकडली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा आणि त्यांचं चाक असताना आपल्याला कुणी गंडवू शकत नाही." ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते.

मग कचेरीत संगणक आले. दादा निवृत्त झाले, तेव्हा आठवण म्हणून मलाच त्यांच्या हाती दिले. घरी आल्यावर मी खणात पडले. सोबतीला वाळलेली पेने, कुलूप हरवलेली एक किल्ली आणि तुटका चष्मा. अशी अकरा वर्षे गेली. मित्रांनो, ज्याला कोणी विचारत नाही, तो हळूहळू सगळ्यांकडे वाकड्या नजरेने पाहू लागतो. माझे तसेच झाले.

एके दिवशी खण उघडला. दादांच्या शेजारी त्यांची वीसेक वर्षांनी धाकटी बहीण उभी होती. लहानपणापासून तिचे पाऊल घरात टिकत नसे, म्हणून दादा तिला भिंगरी म्हणत. सेहेचाळीस वर्षांची झाली तरी ती भिंगरीच होती. चोवीस वर्षे तिने पायी टपाल वाटले होते. आता नोकरी सोडून ती पृथ्वीप्रदक्षिणेला निघणार होती, आणि तीही धावत.

"दादा, रस्ता तूच आखायचा," ती म्हणाली. "संगणक मला ट्रकच्या हमरस्त्यांवर नेऊन घालतो."

अशा धावण्याची नोंद ठेवणारे एक मंडळ होते. त्याचा नियम असा की चार खंडांतून मिळून निदान सव्वीस हजार किलोमीटर पायी कापले पाहिजेत. मधले समुद्र विमानाने ओलांडले तरी चालत, पण ते अंतर धरत नसत. भिंगरीच्या मनगटावर अंतर मोजणारे घड्याळ असणार होते. पण ते बोलणार धावून झाल्यावर. परवाने, तिकिटे, मुक्काम हे सारे आधी ठरवायचे होते. अडीच वर्षे धावून शेवटी अंतर कमी भरले, तर सगळे मुसळ केरात!

जेवणाचे टेबल नकाशांनी भरून गेले. एकूण त्रेचाळीस नकाशे. दादा मला फिरवत, आकडा सांगत. भिंगरी तो वहीत लिही. घरच्यांची ताटे स्वयंपाकघरात गेली. दादांची बायको, म्हणजे वहिनी, बायकांचे कपडे शिवत असे. ती दारातून पाहून म्हणाली, "जग गोल आहे म्हणतात. फिरून इथेच यायचं, तर जायचं कशाला?"

भिंगरी हसली. मी हसले नाही. हिला हे काम नको आहे, अशी मी मनात नोंद केली.

तिसऱ्या आठवड्यात पहिली खोट सापडली. सोमवारी मोजलेला घाटरस्ता एकसष्ट किलोमीटर भरला होता. तो आकडा लिहायचा राहून गेला, म्हणून गुरुवारी आम्ही तोच रस्ता पुन्हा मोजला. चौसष्ट भरला! मी हादरले. मी तीनदा तपासलेले चाक. मी चुकणार नाही. मोजताना माझ्या अंगातून एक बारीक थरथर जाई, ती मला जाणवत होती. मला वाटले, टेबलाचा पाय लंगडा असावा. मग वाटले, दमट हवेने कागद फुगला असावा.

आणि एका दुपारी मला खरा चोर सापडला. निदान मला तसे वाटले. दादा आतल्या खोलीत झोपले होते, भिंगरी सरावाला गेली होती. वहिनीने दाराला कडी घातली. मला उचलले, एक नकाशा पसरला आणि शिवणाच्या निळ्या खडूने रस्त्यावर बारीक खुणा करत मला फिरवू लागली. मध्येच दाराकडे पाही. आकडे तिने एका कागदावर लिहिले, तो घडी करून ब्लाउजच्या मापांच्या वहीत लपवला. नंतर ओल्या फडक्याने खुणा पुसल्या आणि मला होते त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून ठेवले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. माझ्या दातांत निळी पूड साचली. मला ओरडावेसे वाटे, "दादा, घरात घात आहे!" पण मला तोंड नाही, नुसता काटा.

भिंगरीलाही आकड्यांचा मेळ बसेना. तिने आधी माझ्यावर संशय घेतला. "दादा, चाक बिघडलंय का रे?"

दादा चटकन म्हणाले, "असेल. जुनं झालंय ते."

मित्रांनो, इतकी वर्षे ज्याच्या मुठीत काढली, त्यानेच असे म्हणावे? भिंगरीने बाजारातून नवे कोरे मोजचाक आणले आणि मी पुन्हा खणात गेले. पण चार दिवसांत तेही एकाच रस्त्याचे दोन आकडे सांगू लागले. भिंगरीने मला बाहेर काढले, दोघांना शेजारी ठेवले, आणि तिला माझ्या दातांतली निळी पूड दिसली. तिने भिंग घेऊन नकाशा पाहिला. पुसलेल्या खुणांचे निळे डाग रस्त्याकडेने उमटले होते.

ती शिवणयंत्रापाशी गेली. एरवी ती वहिनीला 'तू' म्हणे. त्या दिवशी एकदम 'तुम्ही'वर आली.

"तुम्हाला मी जायला नको होतं, तर तोंडावर सांगायचं होतंत. नकाशांत ढवळाढवळ कशाला?"

वहिनीने यंत्राचे चाक हाताने थांबवले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण ती भांडली नाही. तिने मापांच्या वहीतून कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर दोन रांगा होत्या, एक भिंगरीच्या वहीतल्या आकड्यांची आणि एक तिच्या स्वतःच्या. तिची रांग बहुतेक ठिकाणी कमी होती.

"तू स्वतः मोज," ती म्हणाली. "कुठलाही रस्ता घे."

भिंगरीने समुद्रकाठचा रस्ता घेतला आणि मला फिरवले. दोनशे बारा. मग वहिनीने फिरवले. बाहीच्या गोलाईवर कात्री चालवणारा तिचा हात. मी कसे लोण्यावरून गेल्यासारखे गेले. दोनशे बारा.

"आता तुम्ही," वहिनी दादांना हळूच म्हणाली.

दादा उठेनात. मग उठले. उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन त्यांनी मला रस्त्यावर टेकवले. पुन्हा तीच थरथर. माझे चाक रस्त्यावरून सरळ जाईना. क्षणात या बाजूला, क्षणात त्या बाजूला, आणि प्रत्येक हेलकावा काटा इमानेइतबारे मोजत होता. दोनशे एकवीस.

मी टेबलावर संशय घेतला, कागदावर घेतला, वहिनीवर घेतला. ज्या हातात मी होते, त्या हाताकडे मात्र माझे लक्षच गेले नव्हते.

"मला माहीत होतं," शेवटी दादा म्हणाले. "वर्षभर होतंय. पण हे काम आलं आणि वाटलं, जमेल. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कुणाकडे गेली असतीस. मग मी दिवसभर काय करायचं?"

भिंगरी खुर्चीत बसली. "वहिनी, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"आधी 'तू' म्हण."

"तू का नाही सांगितलंस?"

"बहिणीसमोर ह्यांचा हात उघडा पडायला नको होता. माझं सगळं मोजून झालं की वहीतले आकडे मी गुपचूप बदलणार होते." वहिनी खाली पाहत म्हणाली. "तेही चुकीचंच. तुझा संशय अगदीच खोटा नव्हता बघ."

उरलेले नकाशे तिने दोन दिवसांत मोजले. एकूण सव्वीस हजार तीनशे ऐंशी वाटत होते, ते पंचवीस हजार सहाशे चाळीसच निघाले. म्हणजे भिंगरी साडेतीनशेहून अधिक किलोमीटरांनी फसली असती! आणि परवान्यांचे अर्ज पाठवायला पाचच दिवस उरले होते.

तेव्हा मला कळले की दादांचा हात थकला होता, डोके नाही. त्यांनी तिसऱ्या खंडाचा नकाशा ओढला आणि डोळे मिटून म्हणाले, "वाळवंटातून सरळ कशाला जायचं? उत्तरेच्या नदीकाठाने जा. सहाशे किलोमीटर जास्त पडतील, पण दर मुक्कामाला पाणी मिळेल." दादा रस्ता सांगत, वहिनी मला फिरवी, भिंगरी लिही. मोजल्यावर वाढ सहाशे दोन भरली. वहिनी म्हणाली, "दोन जास्तच आले हो!" आणि त्या टेबलाभोवती बऱ्याच दिवसांनी कोणी खळखळून हसले. त्याच आठवड्यात ती दादांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषधाने थरथर गेली नाही, पण ती लपवायची धडपड गेली.

भिंगरी दोन वर्षे सात महिने धावली. वाटेत पायाचे हाड दुखावले, एका सीमेवर नऊ दिवस अडकली, पण नदीकाठच्या वाटेवरून तिने कळवले, "दादा, पाणी आहे. भरपूर आहे." परतली तेव्हा घड्याळात सव्वीस हजार दोनशे एक्याण्णव होते. मंडळाने ते मान्य केले. गल्लीच्या तोंडाशी दादा उभे होते. टाळ्या वाजवताना त्यांचे दोन्ही हात कापत होते, आणि ते कोणाकडून लपवत नव्हते.

मित्रांनो, आता मी टेबलावरच असते. तुमच्याही घरात अशी जुनी साधने असतील. त्यांना अधूनमधून तेलाचा एक थेंब द्या, दातांतली धूळ काढा. आणि तुमच्या घरात कोणाचा हात कापू लागला असेल, तर त्या हातातले काम ओढून घेऊ नका. शेजारी आपली खुर्ची सरकवा. संशय आला तर जरूर घ्या, तीनदा तपासा. पण दार बंद करून नको. ज्याच्याबद्दल संशय आहे, त्याच्यासमोर बसून विचारा.