डांबरावरचं आभाळ

माझे भावोजी बस चालवतात. आजवरची सगळी नोकरी घाटात गेली. या उन्हाळ्यात त्यांना सपाट माळावरचा सरळसोट रस्ता दिला. पहिल्याच दुपारी समोर रस्ताभर पाणी चमकलं. समोरून येणारा ट्रक त्यात उलटा दिसत होता. भावोजींनी करकचून ब्रेक दाबला. एका प्रवाशाचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. पाणी मात्र थेंबभरही नव्हतं.

डेपो मॅनेजरनं सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर त्यांना झापलं, "या माणसाला भास होतात. डोकं तपासून आणा, तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही!"

भावोजींनी घरी येऊन जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग हळूच ताईला म्हणाले, "खरंच माझं डोकं फिरलंय का गं?"

ताई शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती मला घेऊन त्याच रस्त्यावर गेली. पाणी होतंच, लखलखत. आम्ही पुढं जावं, तसं तेही पुढं सरकायचं. तिनं मोबाइलवर फोटो काढले आणि तशीच तरातरा डेपोत, मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली.

"हे पाणी कुठलं?" फोटो बघून मॅनेजरनं विचारलं.

"पाणी नाही, आभाळ आहे ते! डांबर तापलं की त्याला लागून असलेली हवा तापते, विरळ होते. आभाळातून तिरपा येणारा उजेड तिथं वाकतो आणि वर वळून डोळ्यात शिरतो. डोळ्याला वाटतं, तो जमिनीवरूनच आला. जमिनीवर निळं चमकताना दिसलं की मन म्हणतं, पाणी. मृगजळ म्हणतात याला. भास कॅमेऱ्याला होतो का, साहेब?"

"अहो, पण ब्रेक..."

"ब्रेकबद्दल बोला, ऐकून घेईन. त्या प्रवाशाची माफी ते स्वतः मागून आलेत. पण वेडं कशाला ठरवलंत? नवा रस्ता देताना कुणी चार शब्द सांगितले होते त्यांना?"

मॅनेजर नरमला. "बरं, चुकलं माझं," तो पुटपुटला. "उद्यापासून येऊ द्या त्यांना."

ताईनं उठून केबिनचं दार सताड उघडलं. बाहेर चहा पिणारे ड्रायव्हर माना वळवून बघू लागले.

"अपमान चारचौघांत केलात. मग माफी बंद दाराआड का?"

लालबुंद होऊन त्यानं तेच पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं.

आता नव्या ड्रायव्हरला त्या रस्त्यावर आधी जुन्याच्या शेजारी बसवून नेतात. भावोजींनी हे कौतुकानं सांगितलं, तर ताई फणकारली, "हे आधी नव्हतं सुचलं मेल्यांना?"