डाव्या कोपऱ्यातली फळी

मी एक जुनी, टोले खाऊन डागाळलेली फळी आहे, मित्रांनो, आणि भिंतीवर टांगल्यापासून मला क्षणभर चैन नाही.

मिशिगनच्या उत्तर टोकाला, आमच्या कॉलेजच्या आइस हॉकीच्या मैदानात मी पस्तीस वर्षे गोलजाळ्यामागच्या डाव्या कोपऱ्यात उभी होते. छपरातून पाणी झिरपून माझ्या पाठीमागचे लाकूड भुसभुशीत झाले होते. इतर फळ्यांवरून रबरी चकती उसळून परत येई. माझ्यावर आपटली की मुकाट पायाशी पडे. पाहुणे संघ हमखास फसत, आमच्या संघातल्या मुली मात्र मुद्दाम माझ्याकडेच चकती मारत. मैदानाची देखभाल करणारा वायनो माझ्या दुरुस्तीचा विषय निघाला की कानाडोळा करी. बर्फावर उतरताना प्रत्येक मुलगी स्टिकने मला एक टोला देई. तो मला आवडे, हे कबूल करते.

मग नवे मैदान बांधले. जुने पाडले, आणि मला धुऊनपुसून, पितळी पाटी लावून नव्या इमारतीच्या बोळात टांगले. मुली जाताना टोला देतच राहिल्या, पण संघ हरू लागला. नव्या घरात सलग सहा सामने! एवढा थाट करून दिला आणि पोरी सुस्तावल्या, असे लोक बोलू लागले.

मला आतले दिसत नसे, फक्त ऐकू येई, आणि ऐकूनच चूक कळली होती. चकती डाव्या कोपऱ्याकडे गेली की आमची गोलरक्षक सिग्ने सवयीने जाळे सोडून ती आणायला जाई. नवी फळी ठणठणीत. चकती उसळून थेट रिकाम्या जाळ्यासमोर येई आणि पाहुण्या ती आत ढकलत. मी तळमळत होते, पण सांगणार कशी?

सहाव्या पराभवानंतर प्रशिक्षकांनी सिग्नेला बजावले, की शनिवारी हरलो तर तिच्या जागी दुसरी येईल. ती माझ्यासमोर बाकावर बसून राहिली. वायनो पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची भलीमोठी करंजी, खात तिथे आला.

"या फळीनंच मला बिघडवलं," ती म्हणाली.

"तिला कशाला बोल लावतेस? तीन वर्षं तिच्यावर चकत्या मारल्यास, तेव्हा कुठे तिचा स्वभाव कळला तुला. नवीवर किती मारल्यास?"

"सराव करतोच की आम्ही रोज."

"जाळ्यावर करता. फळ्यांची ओळख कोण करून घेणार, मी?"

दुसऱ्या दिवसापासून वर्ग भरण्याआधी आतून आवाज येऊ लागला: ठक, ठक, ठक. एकेका फळीवर सिग्ने बादलीभर चकत्या मारत होती. मला हेवा वाटला, खोटे कशाला बोलू?

शनिवारी सगळ्या मला टोला देऊन गेल्या. सिग्नेने स्टिक उचलली, खाली ठेवली, माझ्यावरून नुसता तळवा फिरवला. थोड्या वेळाने आतून, डाव्या कोपऱ्यातून, एक टोला ऐकू आला.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गोलने पुढे होतो आणि चकती त्याच कोपऱ्यावर आदळली. गोल झाला की वाजणाऱ्या भोंग्याची मी धास्तीने वाट पाहत राहिले. तो वाजलाच नाही. सिग्ने जाळ्यातून हललीच नव्हती.

मित्रांनो, हाताशी असलेल्या वस्तूची ओळख ती कामात असतानाच करून घ्या. टांगल्यावर कितीही पुसलेत तरी ती उरते फक्त पाहण्यापुरती.

आता मला कुणी टोला देत नाही. सामन्याच्या दिवशी आतल्या कोपऱ्यातून एकवीस मुलींचे एकवीस टोले ऐकू येतात, आणि शेवटचा पडेपर्यंत मी ते मोजत राहते.