माझी बैठक खाली आली तेव्हा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या दाराआड उभी असलेली गोल लाकडी बैठकीची तिपाई तुम्ही कधीतरी पाहिली असेल. तीच मी. मी जुनी झाले आहे, पण डगमगत नाही. चार पायांच्या खुर्चीखाली कागदाची घडी सरकवावी लागते, तीन पायांची वस्तू मात्र ओबडधोबड जमिनीवरही ठाम उभी राहते. ही बढाई नाही, भूमिती आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. सुताराने बैठक कापली आणि लेथवरच्या कारागिराने माझ्या मधल्या लोखंडी दांड्यावर आटे पाडले. बैठक एका बाजूला फिरवली की वर जाई, उलटी फिरवली की खाली येई. "हिच्यावर लहानही बसेल, मोठाही बसेल," असे म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली होती.

शाळेत माझे दिवस मजेत गेले. मुले माझ्यावर बसून सूक्ष्मदर्शकात कांद्याचा पापुद्रा पाहत आणि शिक्षकांची पाठ वळली की गरगर फिरून घेत. पुढे नवी बाके आली. कोणीतरी मला शक्य तितके उंच करून माझ्यावर कुंडी ठेवली. तिचे पाणी माझ्या आट्यांत झिरपत राहिले. रोप वाळले, कुंडी गेली, पण माझी बैठक त्याच उंचीवर गंजून बसली.

अशी मी धूळ खात असताना विज्ञानाच्या बाईंनी मला शोधून काढले. दिवसा त्या शिकवत आणि संध्याकाळी स्वतः शिकायला जात. शिक्षणशास्त्रात एम.एड. करत होत्या. "घरी मुलगा रोज विचारतो, आई, गृहपाठ झाला का तुझा?" असे त्या हसत सांगत.

वर्गात कोणती मुले भाग घेतात आणि कोणती घेत नाहीत, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पाहण्यासाठी त्यांनी आपल्या मैत्रिणीचा वर्ग निवडला. या मैत्रिणीला सारी शाळा गणितबाई म्हणे. मुलांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून बाईंनी मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवले. माझ्यावर उंच बसून त्या पाहत आणि हात वर झाला की तक्त्यात खूण करत. वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे गप्पू म्हणत, कारण ती बोलतच नसे. तिच्या नावापुढे एकही खूण पडली नाही.

एकदा बाईंचे मार्गदर्शक सर शाळेत आले. रिकाम्या वर्गात त्यांनी तक्ता वाचला.

"ही मुलगी काय करत होती?"

"काही नाही सर. नुसती बसून होती."

"तुम्ही कुठे बसला होतात?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. सर माझ्याजवळ आले, मागून सगळा वर्ग न्याहाळला आणि सौम्यपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही इतके दिवस मुलांच्या माना पाहिल्यात. चेहरे पाहिलेच नाहीत. असा प्रबंध मी पुढे पाठवू शकत नाही."

ते गेल्यावर बाई माझ्यावरच मटकन बसल्या. मुदत जवळ आली होती. "सोडून देते गं," त्या गणितबाईंना म्हणाल्या. "घरच्यांनी एवढं सांभाळून घेतलं. आणखी एक वर्ष द्या, असं कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग पुढे येऊन बस. खिडकीपाशी. वर्ग माझा आहे, जागा मी देते."

"या उंचीवर? मुलं फळा सोडून मलाच बघतील."

"हिला खाली आणू की."

गणितबाईंनी शिलाई मशीनचे तेल आणले. आट्यांत तेल मुरू दिले आणि दोघी कामाला लागल्या.

"तू पाय धर, मी फिरवते."

"अगं, उलटं फिरवतेयस. अजून घट्ट होतंय."

"विज्ञान तुझं, ताकद माझी. गप धर."

मी कर्कश ओरडले आणि कितीतरी वर्षांनी माझी बैठक हलली. ती खाली आली, पार मुलांच्या बाकाएवढी.

पहिल्यांदा मुलांनी टकामका पाहिले. मग ती आम्हाला विसरली. आता बाईंना चेहरे दिसू लागले. प्रश्न आला की गप्पू छताकडे पाही, ओठ हलवी, बोटाने मांडीवर गणित मांडी. मग तिचा हात हळूहळू वर येई. तो बाकाच्या कडेशी पोहोचेपर्यंत गणितबाईंनी दुसऱ्या कोणाला उठवलेले असे. हात तिथूनच परत जाई.

तास संपल्यावर बाईंनी भीत भीत हे सांगितले.

"म्हणजे मीच घाई करते?" गणितबाईंचा चेहरा उतरला.

"रागावलीस?"

"रागावले. उद्या ये पण."

दुसऱ्या दिवशी गणितबाईंनी प्रश्न विचारला आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. हुशार मुलांचे हात सपासप वर गेले. त्यांनी कोणालाच उठवले नाही. वर्ग चुळबुळला, मग शांत झाला. बाई माझ्या कडा घट्ट धरून बसल्या होत्या. गप्पूचा हात बाकाच्या कडेशी आला, थांबला आणि वर गेला.

उत्तर चुकले.

"बरं," गणितबाई म्हणाल्या, "पण काढलंस कसं, ते सांग."

आणि गप्पू बोलू लागली. बोलता बोलता तिला स्वतःची चूक सापडली. तिने ती दुरुस्त केली आणि तरीही बोलतच राहिली. शेवटी गणितबाईच म्हणाल्या, "अगं बाई, श्वास घे." सारा वर्ग हसला, गप्पूसुद्धा.

बाईंनी नवा तक्ता आखला आणि रात्री जागून प्रबंध वेळेत दिला. तो वाचून सरांनी फक्त विचारले, "ती तिपाई अजून आहे ना?"

मित्रांनो, मी अजून आहे. माझी एवढीच विनंती आहे की माझ्यावर कुंडी ठेवू नका आणि आट्यांत अधूनमधून तेलाचे दोन थेंब सोडा. बाई आता नव्या शिक्षकांना वर्ग पाहायला शिकवतात. पहिल्या दिवशी त्या मला पुन्हा उंच करून मध्ये ठेवतात आणि म्हणतात, "आधी ही खाली आणा, मग वही उघडा." तेव्हा मला सहज फिरता यायला हवे.