एक नंबरचा चार्ज

“आय अ‍ॅम रनिंग सिन्स सिक्स ओ’क्लॉक!” पंपाच्या घरघरीवर आवाज चढवून डॉक्टर ओरडले.

मी दुपारी दोनच्या पाळीला येत होतो, तो दारातच थबकलो. पन्नाशी उलटलेला माणूस, एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात वही लांब धरलेली, आणि म्हणे मी सहा वाजल्यापासून धावतोय. धावत होता तो दोन नंबरचा पंप. डॉक्टर त्याच्यासमोर खांबासारखे उभे होते.

“अहो डॉक्टर, तुम्ही कुठे धावताय? पंप धावतोय.”

“मग मी वेगळं काय म्हणालो?”

आता यात त्यांचा दोष नव्हता. गावाला पाणी चढवणाऱ्या या पंपघरात आम्ही सगळे असंच बोलतो. टाकीवरून फोन आला, की “मी चालू आहे”, “मी दहा मिनिटांत बंद होतोय”, “माझं बेअरिंग तापलंय”. ऐकणाऱ्या तिऱ्हाइताला वाटावं, या माणसाला दवाखान्यात न्यायला हवं. पण मराठीत खपून जातं ते इंग्रजीत खपणार नव्हतं, आणि डॉक्टरांची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

डॉक्टर हे अर्थात आम्ही ठेवलेलं नाव. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ते पंपाचं दुखणं ऐकत, म्हणून डॉक्टर. एकतीस वर्षं त्यांनी याच तीन पंपांची नाडी पाहिली होती. आता नवी यंत्रं बसणार होती आणि ती बनवणाऱ्यांशी फोनवर इंग्रजीतच बोलावं लागणार होतं. म्हणून वरून हुकूम निघाला: मुख्य चालकाने तोंडी परीक्षा इंग्रजीत द्यायची. पास झाला तर यंत्रांजवळ, नापास झाला तर फाटकावर. खुर्ची, काठी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वही. ज्याला पंपाचा आवाज ऐकल्याशिवाय भूक लागत नाही, त्याला फाटकावर बसवायचं म्हणजे जिवंतपणी त्याचा फोटो भिंतीवर टांगण्यासारखंच होतं.

“बाबा, चष्मा घरीच विसरलात!”

मागून त्यांची सून आली. शाळेत शिकवायची. घरी सासऱ्यांची शिकवणी तिनेच घेतली होती आणि नात्याची भीडभाड न ठेवता ती त्यांना फैलावर घेत असे.

“सूनबाई, तो तक्ता काही डोक्यात शिरत नाही,” डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. “तीन काळ, त्यांचे चार-चार प्रकार. बारा झाले! घरातल्या टेबलाशी बसलो की बाराच्या बारा एकमेकांत गुंततात.”

“काल मी आदल्या दिवशीच्या जेवणाबद्दल विचारलं, तर म्हणालात मी उद्या जेवत होतो.”

मी खो खो हसलो. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईने डबा ठेवायला वळलो.

“चल, चार्ज घे,” ते म्हणाले.

चार्ज देण्याची डॉक्टरांची एक रीत होती. जाणाऱ्याने येणाऱ्याला तिन्ही पंपांपाशी न्यायचं, प्रत्येकावर हात ठेवायचा आणि त्याची हकीगत सांगायची. मगच लॉगबुकात सही. एक नंबर चार वर्षांपूर्वी मोटर जळून कायमचा थंड झाला होता, तरी डॉक्टर त्याच्यावरही हात ठेवून सांगत, “बंद आहे.” मी चार्ज द्यायचो तेव्हा एक नंबरला सरळ वळसा घालायचो. मेलेल्याची काय खुशाली सांगायची?

डॉक्टर पुढे झाले. एक नंबरवर हात. “हा चालायचा. आता बंद आहे.” दोन नंबरवर हात. “हा सहापासून चालू आहे. दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून पाण्याचा थेंब पडतोय, तो पडू दे, आवळू नकोस.” तीन नंबरवर हात. “हा पाचला सुरू करशील.”

“थांबा!” सूनबाई एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की मी आणीबाणीच्या बटणाकडे झेप घेतली. “बाबा, तो तक्ता टाका फाडून! तुम्ही तिन्ही काळ आत्ता हातांनी दाखवलेत. एक नंबरपाशी जे झालं तेच बोलायचं. दोन नंबरपाशी जे चाललंय ते. तीनपाशी जे होणार आहे ते. बोला, बोला!”

डॉक्टर दोन नंबरकडे वळले. हात ठेवला. डोळे मिटले. “इट... हॅज बीन रनिंग... सिन्स सिक्स.”

सूनबाईने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कशासाठी ते न कळता.

मग पंधरा दिवस आमच्या पंपघराला इंग्रजीचा ताप भरला. डॉक्टर बुधली घेऊन तीनदा फेरी मारत. आय ऑइल्ड, आय अ‍ॅम ऑइलिंग, आय विल ऑइल. व्हॉल्व्ह उघडताना, गेज वाचताना, डबा खाताना तोंड चालूच. मला तर आंघोळ करतानाही ‘आय हॅव बीन’ ऐकू यायचं. चुका व्हायच्या, पण मजेच्या. मनापासून बोलायला लागले की ते पुन्हा पंपाऐवजी ‘मी’ म्हणत. “बाबा, ‘इट’! ‘इट’ म्हणायचं!” सूनबाईने शंभरदा बजावलं. डॉक्टर जीभ चावत आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा धावू लागत.

परीक्षेच्या दिवशी सकाळची पाळी माझी होती. परीक्षा अकराला, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात. आणि आठ वाजता, ध्यानीमनी नसताना, भंगारवाल्या ठेकेदाराची माणसं साखळ्या घेऊन हजर झाली. नव्या यंत्राला जागा हवी होती. कागद पक्के होते. अर्ध्या तासात त्यांनी नट सोडवले, एक नंबर उचलला आणि ट्रकमध्ये घातला. पावतीवर सही मी केली. मनात म्हटलं, आज डॉक्टरांच्या कानावर घालायचं नाही. परीक्षा वर आहे. दोन वाजता सांगू.

सव्वाअकराला लोखंडी जिन्यावर पावलं वाजली.

पुढे डॉक्टर, मागे परीक्षक, त्यांच्यामागे रडवेली सूनबाई. परीक्षक उंच, बाहेरून आलेले इंजिनिअर, त्यांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. वर खुर्चीत बसल्यावर म्हणे डॉक्टरांची वाचाच बसली. पाच मिनिटं घाम पुसला आणि शेवटी उठून उभे राहिले. “सर, कम डाउन. प्लीज.” आणि परीक्षक चक्क उठले.

डॉक्टर नेहमीप्रमाणे आधी एक नंबरकडे गेले आणि थांबले. तिथे काँक्रीटचा रिकामा चौथरा होता, चार कोपऱ्यांना चार बोल्ट आणि मध्ये तेलाचा जुना डाग.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गेजकडे पाहिलं. सूनबाईने तोंडावर हात दाबला. सगळं संपलं असंच मला वाटलं.

डॉक्टर हळूच गुडघ्यावर बसले. त्यांनी चौथऱ्यावर तळहात ठेवला.

“धिस वॉज नंबर वन,” ते म्हणाले. “आय केम हिअर थर्टी-वन इयर्स अगो. माय उस्ताद गेव्ह मी धिस पंप. वन समर, टू पंप्स फेल्ड. नो वॉटर. ओन्ली नंबर वन. आय रॅन नाइनटीन डेज. आय डिड नॉट स्टॉप.”

सूनबाईच्या ओठांवर तो ‘इट’ आलेला मला दिसला. तिने तो गिळला.

“अँड देन?” परीक्षकांनी विचारलं. त्यांनीही चूक काढली नाही.

“देन द मोटर बर्न्ट. आय वेटेड फोर इयर्स फॉर अ न्यू मोटर. इट डिड नॉट कम.”

ते उठले. गुडघ्याची धूळही न झटकता दोन नंबरकडे गेले, हात ठेवला आणि मग काय विचारता! सहापासून चालू आहे, मी नाही, माझ्या सहकाऱ्याने सुरू केलाय, दाब बरोबर आहे, थेंब पडतोय, तो पडला नाही तर ग्लँड जळेल. परीक्षक वाकून थेंब मोजायला लागले. त्यांनी प्रश्न विचारायचा अवकाश, डॉक्टरांचं उत्तर तयार. तीन नंबरपाशी ते म्हणाले, “आय विल स्टार्ट इट अ‍ॅट फाइव्ह,” तर परीक्षकच उतावीळ झाले. “नाऊ?” डॉक्टरांनी बटण दाबलं. मोटर घुमली, गेजचा काटा थरथरत चढला आणि परीक्षकांनी डॉक्टरांचा तेलकट हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. कागदावर सही त्यांनी तिथेच केली, तीन नंबरच्या पाठीवर कागद ठेवून.

“बाबा, पास!” सूनबाई लहान मुलीसारखी उड्या मारत होती. “पास झालात!” डॉक्टर नुसते हसत होते आणि चष्मा पुसत होते. पुसलेला चष्मा पुन्हा पुसत होते.

परीक्षक आणि सूनबाई वर गेल्यावर मी डॉक्टरांजवळ गेलो. “डॉक्टर, मी सांगणार होतो तुम्हाला. सकाळीच...”

“पावतीवर सही तुझी?”

“हो.”

“नेताना बाजूचा पाइप ठोकला नाही ना त्यांनी?”

“नाही. सावकाश नेला.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दोनला ते पाळीवर आले. स्वच्छ कपडे, खिशात स्क्रू ड्रायव्हर. आज चार्ज मला द्यायचा होता. पाय सवयीने दोन नंबरकडे वळले होते, ते मी मागे घेतले. चौथऱ्यापाशी गेलो, खाली वाकलो आणि तेलाच्या डागावर हात टेकवला.

“एक नंबर,” मी म्हणालो. “बंद आहे.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि पेन उघडलं.