एकवीसवर थांबलेला पितळी काटा

मित्रांनो, भिंतीवर मला पाहिले की पाहुणे आधी आपल्या मनगटाकडे बघतात आणि मग म्हणतात, "हे घड्याळ बंद पडलंय वाटतं." मी बंद पडलेलो नाही आणि घड्याळ तर मुळीच नाही. मी बॅरोमीटर आहे. तुमच्या शाळेच्या पुस्तकात मला वायुभारमापक म्हणतात. लाकडाची गोल चौकट, पितळेची कड आणि जाड काच असा माझा थाट आहे. अठ्ठावन्न वर्षांत चौकटीला एकच चीर गेली आहे, हे जरा अभिमानाने सांगतो.

माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे. तिच्यातली हवा कारखान्यातच काढून घेतलेली आहे. बाहेरच्या हवेचा भार वाढला की ती दबते, कमी झाला की फुगते, आणि तसा माझा काळा काटा सरकतो. मला एवढेच येते. रडणे, हसणे मला कळत नाही. आत काही नाही म्हणूनच मी कामाचा आहे.

काळ्या काट्यावर आणखी एक काटा आहे, पितळेचा. तो आपणहून हलत नाही. काचेच्या मधोमध एक बटण आहे. ते फिरवून पितळी काटा रोज माणसाने काळ्या काट्यावर आणून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी काळा काटा त्याच्यापासून कुठे सरकला ते बघायचे. वर चढला तर हवा सुधारणार, खाली उतरला तर बिघडणार. पितळी काटा लावला नाही, तर मी नुसता एक आकडा दाखवत बसतो. माझी सगळी गोष्ट या दुसऱ्या काट्याची आहे.

माझा जन्म १९६१ चा. जर्मनीच्या उत्तर टोकाला कुक्सहाफेन नावाचे बंदर आहे. तिथे एल्बे नदी समुद्राला मिळते. त्या गावात हिनरिक नावाच्या कोळ्याने मला विकत घेतले. तो होडी घेऊन कोळंबी धरायला जाई. रोज पहाटे तो नखाने काचेवर दोनदा टकटक करी, पितळी काटा लावी आणि कॉफी पिई. दुसऱ्याच वर्षी फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत आला. त्याच्या आधी मी असा उतरलो होतो की हिनरिकने होडी दुहेरी दोरांनी बांधून घातली. ती वाचली. तेव्हापासून तो बायकोला म्हणे, "भिंतीवरचा म्हातारा नाही म्हणाला की मी जात नाही." मी तेव्हा एक वर्षाचाही नव्हतो, पण म्हातारा म्हणवून घ्यायला माझी हरकत नव्हती.

पुढे होडीवर रेडिओ आला, संगणक आला, हिनरिकची नजर गेली आणि मग हिनरिकही गेला. मुलांनी मला केळ्यांच्या खोक्यात घालून केलरमध्ये, म्हणजे तळघरात ठेवले. तिथे मी नऊ वर्षे होतो. अंधारातही मी वादळे बरोबर दाखवली. ती कुणी पाहिली नाहीत.

२०११ मध्ये बंदरावरच्या जुन्या बाजारात मला सुगतने उचलले. सुगत वेंगुर्ल्याचा. पुण्यात इंजिनिअर झाला, हॅनोव्हरला पुढचे शिकला आणि समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांच्या कामावर इकडे आला. त्याचे वडील दादाराव वेंगुर्ल्याच्या वेधशाळेत निरीक्षक होते. त्यांची उभी हयात हवेचा भार वाचण्यात गेली होती. सुगतने मला हातात धरूनच त्यांना फोन लावला.

"जय भीम बाबा. तुमच्या ऑफिसातला एक भाऊबंद सापडलाय."

"जय भीम. आधी त्याला सरळ कर," पलीकडून आवाज आला. "बंदरावर आजचा भार विचार, पाठीमागचा स्क्रू फिरवून तेवढा लाव, आणि मगच भिंतीवर टांग. चुकीचं यंत्र घरात नको."

अशा रीतीने मी सुगतच्या वोनुंगमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आलो. घरात त्याची बायको क्षमा होती आणि चार वर्षांची मुलगी क्रांती. क्षमा एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करी. रोज सकाळी सुगत क्रांतीला उचलून घेई. ती एका बोटाने दोनदा टकटक करी आणि तो बटण फिरवी. मग फोन. "एक हजार बारा बाबा, काल आठ होता." "चढतोय. जा बिनधास्त." हे झाल्याशिवाय त्या घरात चहा उकळत नसे. पुढे सुगतला पहाटेच बोटीवर जावे लागे, तेव्हा क्रांती झोपलेली असे आणि तो एकटाच काटा लावून जाई. उठल्यावर ती आधी माझ्यापाशी येऊन बघे आणि म्हणे, "पप्पाने लावला."

२०१३ च्या पाच डिसेंबरला मोठे वादळ आले. इथे वादळांना माणसांसारखी नावे देतात. त्याचे नाव झावेर होते. सगळ्या बोटी आदल्या दिवशीच बंदरात परतल्या होत्या आणि सुगत घरी होता. सकाळपासून दुपारपर्यंत मी उतरत राहिलो, नऊशे ऐंशीच्या घरात गेलो. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. संध्याकाळी माझा काटा वर चढू लागला, तशी क्षमा म्हणाली, "चला, संपलं." फोनवरून दादारावांनी लगेच दटावले, "संपलं नाही. तळ गाठून काटा चढायला लागला की खरा वारा सुटतो. खिडकी उघडू नका." तसेच झाले. सहा डिसेंबरची सकाळ उजाडली तेव्हा समुद्र बांधाच्या खांद्यापर्यंत आला होता. क्षमाने तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या. खिडक्या बंद असूनही त्यांच्या ज्योती हलत होत्या. चौघांनी, म्हणजे तिघांनी घरात आणि दादारावांनी फोनवर, वंदना म्हटली. त्या वादळाने आमचे काहीही नेले नाही.

जे गेले ते छान हवेत गेले. २०१४ चा सप्टेंबर होता. पहाटे सुगतने पितळी काटा लावला आणि फोनवर आकडा सांगितला, "एक हजार एकोणतीस." माझ्या तबकडीवर तिथे 'शोन' असे लिहिले आहे, म्हणजे छान. ऊन पडले होते, वारा नव्हता. पवनचक्कीच्या शिडीवर बोटीतून पाय टाकताना दुरून आलेल्या एका लाटेने बोट उचलली आणि सुगतचा पाय निसटला. दुपारी दोन माणसे घरी आली आणि त्यांनी क्षमाला खुर्चीवर बसायला सांगितले. हे मी त्यांच्या बोलण्यातून ऐकले. माझा काटा जागचा हलला नाही. हवेचा भार तोच होता.

आता मित्रांनो, नीट ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरले होते. सगळे दुसऱ्या खोलीत, क्षमाभोवती. सात वर्षांची क्रांती एकटी हॉलमध्ये आली. तिने स्वयंपाकघरातले स्टूल ओढत आणले, त्यावर चढून दोनदा टकटक केले आणि बटण फिरवून पितळी काटा काळ्यावर आणला. एक हजार एकवीस. रोज करायचे ते काम पप्पा नव्हता म्हणून तिने केले. मग स्टूल परत नेऊन ठेवले.

दुपारी क्षमा हॉलमध्ये आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. ब्रेमेनहून आलेली तिची मैत्रीण वीणा तिला धरून होती. आदल्या दुपारपासून क्षमा एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "हा काटा त्यांनी लावलाय. काल जाताना. याला कुणी हात लावायचा नाही."

क्रांती दारात उभी होती. तिने तोंड उघडले आणि मिटले. आईचे इतक्या वेळात आलेले ते पहिले बोलणे होते. ते खोटे पाडायचे कसे, हे सात वर्षांच्या पोरीला कुठून कळावे? मला सगळे माहीत होते. मला बोलता येत नाही.

पुढची तीन वर्षे सांगण्यासारखी नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. क्षमा कामावर जाई, डबा भरी, फॉर्म भरी, शाळेतल्या सभेला जाई. रविवारी कोरड्या फडक्याने माझी काच पुसे, बटणाला न शिवता, कडेकडेने. क्रांतीला काय हवे नको ते ती बघे, पण क्रांतीकडे बघत नसे. क्रांती खोलीतून जाताना पलीकडच्या भिंतीला लागून जाई. हळूहळू ती मराठीत उत्तर देईनाशी झाली. दादारावांचा फोन येई, पण भार कुणी विचारत नसे आणि कुणी सांगत नसे. हिवाळ्यात वादळे आली. धुक्यात जहाजांचे भोंगे वाजले. मी चढलो, उतरलो, पितळी काटा एकवीसवर राहिला. तळघरातली नऊ वर्षे मला याहून बरी वाटली. तिथे निदान मला कुणी जपत नव्हते.

२०१७ च्या सप्टेंबरात दादाराव तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. पहिल्याच सकाळी चष्मा लावून माझ्यासमोर उभे राहिले. इतक्या वर्षांनी जाणते बोट काचेवर वाजले. क्षमा स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, पितळी काटा तेवढा राहू द्या. तो त्यांनी लावलेला आहे."

"हो का," दादाराव म्हणाले. त्यांनी आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग मागे वळून क्रांतीकडे पाहिले. क्रांती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मग ते खुर्चीवर जाऊन बसले. चुकीचे यंत्र घरात खपवून न घेणारा माणूस पाच आठवडे त्यावर काही बोलला नाही.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा एका शनिवारी मी झपाट्याने उतरू लागलो. टीव्हीवर वादळाचा इशारा होता. दुपारी दादाराव उठले.

"क्षमा, बाळ, आज काटा लावू दे. किती वेगाने उतरतंय ते बघायला पाहिजे."

"बाबा, अहो मोबाइलवर सगळं कळतं."

"मोबाइलवर कळतं. पण हा माझ्या पोरानं घेतलाय, कामासाठी."

क्षमा भाजी चिरायची थांबली. "त्यांचं दुसरं काय राहिलंय माझ्याकडे, सांगा. कपडे मी देऊन टाकले. हा एक काटा आहे. त्यांचा हात लागलेला."

मग टेबलापाशी बसलेली क्रांती म्हणाली, "मामा, दास वार इश." आई, तो मीच, असे ती जर्मनमध्ये म्हणाली होती. शब्द कळले, पण ती कशाबद्दल बोलते ते क्षमाला कळले नाही. तेव्हा क्रांतीने तीन वर्षांत पहिल्यांदा अख्खे वाक्य मराठीत जुळवले. "काटा मी लावला. दुसऱ्या दिवशी. पप्पा नव्हता म्हणून. तो पप्पाचा नाही, माझा आहे."

क्षमाने दादारावांकडे पाहिले.

"मला त्या दिवशी त्याने एकोणतीस सांगितला होता," दादाराव हळू म्हणाले. "आल्या दिवशीच मला समजलं. पण ते सांगायचं काम माझं नव्हतं."

बाहेर वारा सुटला होता. रस्त्यावर कुणाचा तरी कचऱ्याचा डबा पडून गडगडत गेला. क्षमाचा चेहरा कोरा होता. आता ती ओरडेल की उठून जाईल, मला कळेना.

"हात कसा पोचला तुझा?" तिने विचारले.

"स्टुलावर चढले."

"मी कुठे होते?"

"तू तिथंच होतीस. तू बघत नव्हतीस."

क्षमा उठून माझ्यासमोर आली. एकवीसकडे बघत राहिली. "तीन वर्षं मी याला जपतेय," ती म्हणाली, "आणि हात तुझा होता." मग ती रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा रडली. खूप वेळ रडली, आणि क्रांती तिच्या कमरेला धरून उभी राहिली. दादाराव खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या डोळ्यांतही पाणी होते.

शेवटी क्षमाने बोटांनी बटण धरले. पितळी काटा सावकाश एकोणतीसवर नेला आणि क्षणभर तिथे ठेवला. मग बाजूला झाली.

"आता आजचा लाव," ती क्रांतीला म्हणाली.

दहा वर्षांच्या मुलीला स्टूल लागत नव्हते. टाचा उंचावून तिने दोनदा टकटक केले आणि बटण फिरवले. "नऊशे अठ्ठ्याण्णव, आबा."

"तासाभराने परत बघू," दादाराव म्हणाले. "उतरणार अजून."

वादळ आले आणि रविवारी गेले. बांधावरचे चार बाक वाहून गेले, आमची एक कुंडी फुटली. आता सकाळी क्रांती काटा लावते, फोनवर वेंगुर्ल्याला आकडा सांगते, आणि क्षमा मागे उभी राहून तिच्याकडे बघते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणा गेलेल्या माणसाची वस्तू असेल तर ती नुसती पुसून ठेवू नका, वापरा. झिजली तरी चालेल. आणि घरावर वाईट दिवस आला, सगळी मोठी माणसे एका खोलीत जमली, की एकाने तरी उठून दुसऱ्या खोलीत डोकावून यावे. तिथे कुणीतरी स्टुलावर चढलेले असेल.