ट्रकच्या मापाचा सुपरचार्जर

बिभीषणनं आणलेला सुपरचार्जर ख्वाजानं बघितला आणि तसाच बाजूला ठेवला. चौसाळ्यात हमरस्त्याला त्याचं गॅरेज होतं, पंचवीस वर्षांत शेकडो इंजिनं खोलून झाली होती. इंजिनात हवा कोंबणारं हे यंत्र कुठल्या गाडीला केवढं लागतं, हे त्याला नजरेनंच कळायचं. हे तर ट्रकच्या मापाचं होतं.

"भैय्या, हे लई मोठं हाय. एवढी हवा ह्या पिस्टनला सोसायची न्हाई. निम्म्या मापाचं बास हाय, माझ्याकडं पडलंय एक."

"चाचा, रविवारी शर्यत हाय. हेच बसवा."

बिभीषण साखर कारखान्याच्या चेअरमनचा मुलगा. ऊस वाळून कारखाना बंद पडला होता, पण कारखान्याचे टँकर गावोगाव फिरत होते आणि ख्वाजाची गल्ली त्यांच्याच पाण्यावर तगली होती. नाही म्हटलं, तर टँकर दुसरीकडं वळायला कितीसा वेळ?

घरी ख्वाजाची बायको अजमतबी म्हणाली, "अजी, द्या ना बसवून. फुटली तर त्याची गाडी फुटंल."

"अन् तो आत असला तर?"

तरी टँकरच्या धाकानं ख्वाजानं शेवटी सुपरचार्जर बसवला. निदान तो सावकाश फिरावा म्हणून त्यावर पट्ट्याची मोठी पुली लावली. बिभीषणनं ती ओळखली आणि समोर उभं राहून लहान पुली लावून घेतली.

शुक्रवारी सकाळी लिंबागणेशच्या अलीकडं कोरड्या पडलेल्या तलावात गाडी उतरवली. "बसा बाजूला," बिभीषण म्हणाला. नको वाटत असूनही ख्वाजा बसला.

गाडी सुटली. पाठ सीटला चिकटली, तडकलेली जमीन चाकांखाली खडखडू लागली. दाबाचा काटा लाल रेघेकडं सरकला. तेवढ्यात ख्वाजाला तो आवाज आला, पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवावेत तसा. ज्याला तो घाबरत होता, तोच.

"भैय्या, पाय काढा!"

बिभीषण हसला. काटा रेघ ओलांडून गेला. समोर तलावाचा दगडी बांध धावत येत होता. ख्वाजानं डोळे मिटले, हात पुढं घातला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

गाडी घसरत, धुरळा उडवत बांधाच्या थोडं अलीकडं थांबली.

"चावी फिरवली कावून?" बिभीषणनं त्याची गचांडी धरली.

ख्वाजा कसाबसा सुटून खाली उतरला, इंजिनचा तापलेला स्पार्क प्लग पान्यानं खोलला आणि फडक्यात धरून पुढं केला. पांढऱ्या चिनीमातीवर चांदीसारखे बारीक ठिपके चिकटले होते.

"पिस्टन वितळाया लागलंय भैय्या. अजून थोडं गेलो असतो तर इंजिन फुटून आपल्या अंगावर आलं असतं."

बिभीषण वाकून ठिपके बघू लागला. मग धुळीतच खाली बसला.

"लहान बसवा," तो हळूच म्हणाला.

ख्वाजानं रात्रीचा दिवस करून पिस्टन बदलले, लहान सुपरचार्जर बसवला. बिभीषण शर्यतीत चौथा आला. सोमवारी तो पेढे घेऊन गॅरेजवर आला आणि म्हणाला, "चला चाचा, एक चक्कर मारू."

"गाडी कवाबी आणा, नीट करून देतो," ख्वाजा म्हणाला. "पण बसणार न्हाई. मला लई भ्या वाटतंय."